देवापुढं गेलेलं मटणाचं पातेलं

आमच्या घरात देवावर सगळ्यात जास्त भरवसा माझा हाय, आणि म्हणूनच घरातलं एकबी काम मला कुणी सांगत न्हाय.

आता तुम्ही म्हणणार, व्वा! चर्चला जाणारं गुणी पोरगं दिसतंय. आता हे विश्वासाची गोड गोष्ट सांगणार आणि शेवटी आपल्या डोळ्यात टचकन पाणी येणार. रुमाल काढला असंल तर परत खिशात घाला. पाणी आलंच तर मटणाच्या तिखटानं येईल. चमत्कार हाय गोष्टीत, न्हाय असं न्हाय. पण तो मी केलेला न्हाय, आणि जे मी केलं त्याला आमच्या निपाणीत चमत्कार म्हणत न्हाईत. (काय म्हणतात ते छापण्यासारखं न्हाय.)

आता आमची आई. तिचाबी देवावर भरवसा हाय, पण तिचं म्हणणं असं की देवाला हाताखाली माणूस लागतो. बेळगावला जायचं असलं तरी ती आधी प्रार्थना करती, 'प्रभू, प्रवासात राखून ने', आणि प्रार्थनेआधीच पिशवीत गोळ्या, पाण्याची बाटली, सुई-दोरा आणि नायलॉनची दोरी भरून ठेवलेली असती.

"आई, बेळगावला जायला दोरी कशाला गं?"

"लागली तर?"

 मी जरा तोंड उघडलं की ती बायबलातली, रात्री वरातीची वाट बघणाऱ्या दहा कुमारींची गोष्ट काढती. ज्यांनी दिव्याला जादा तेल घेतलतं त्या शहाण्या, ज्यांनी घेतलं न्हवतं त्यांच्या तोंडावर दार बंद! मग मी आभाळातली पाखरं काढतो. ती पेरत न्हाईत, कापत न्हाईत, तरी देव त्यांना खायाला घालतोच की!

"व्हय, घालतो," आई म्हणती, "पण उन्हं डोक्यावर येईपर्यंत झोपलेलं पाखरू कवा बघितलंस का रं?"

माझ्यात गुण एकच, नकला. आमचे पाळकसाहेब 'प्रिय बंधुभगिनींनो' म्हणून घसा खाकरतात ते, चिकोडीच्या वडाप जीपचा ड्रायव्हर, गुरांच्या बाजारातला दलाल, सगळे माझ्या घशात भाड्यानं राहत्यात. त्यामुळं कापणीच्या सणाला माझा भाव एकदम वर जातो. आमच्याकडं कापणीचा सण म्हंजे ज्याच्या शेतात जे आलं ते देवापुढं आणायचं. ऊस, शेंगा, भोपळा, जोंधळ्याची कणसं, कोंबडी. ज्यांना शेत न्हाय ते चुलीवरचं आणतात, कुणी लाडू, कुणी केक, कुणी हंडीभर बिर्याणी. सगळं वेदीपुढं मांडायचं, पाळकसाहेबांनी प्रार्थना करून ते देवाला वाहायचं, आणि उपासना संपली की चर्चच्या अंगणात त्याचा लिलाव. पैसे मंडळीच्या कामाला. लिलाव पुकारायला दरवर्षी मी, दलालाच्या आवाजात. एकदा मी एका म्हातारीला तिच्या सुनेनंच आणलेला भोपळा विकलाय. (सून अजून माझ्याशी बोलत न्हाय.)

यंदा नेमकं त्याच रविवारी आक्काचं ठरवायला पाव्हणे येणार हुते.

आमची सुवार्ताआक्का बेळगावला दवाखान्यात लॅबमध्ये कामाला हाय. तिथंच अमोलभावजींची ओळख. (तवा 'भावजी' म्हणायची परवानगी न्हवती, पण मी सराव करत हुतो.) पोराला पोरगी पसंत, पोरीला पोरगा पसंत. अडकलं हुतं ते भावजींच्या वडिलांपाशी. ते रिटायर मास्तर. शिस्तीचा माणूस! ते म्हणलेते, "मुलगी बघितली, आता घर बघतो. घराची टापटीप पाव्हणचारात कळते." उपासनेला येणार, उपासनेनंतर चर्चच्या मागच्या हॉलमध्ये जेवण, आणि जेवल्यावर हो का न्हाय ते सांगणार. म्हंजे आक्काचा संसार त्या जेवणावर टांगलेला!

आई शुक्रवारपासनं तयारीला लागली. मसाला कुटला, तो चाखला, परत कुटला. रविवारी पहाटे मटणाचं एक भलं मोठं पातेलं आणि मसालेभाताचं तसलंच एक पातेलं तयार. वर झाकण, झाकणावर फडकं, फडक्याला गाठ, गाठीवर गाठ. आणि मला काम दिलं एकच. शनिवारी संध्याकाळी चर्चचे शिपाई दानूकाका यांच्याकडनं हॉलची किल्ली आणायची, आणि रविवारी पातेली हॉलच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवायची.

"किल्ली आणलीस?" शनिवारी आईनं विचारलं.

"देव हाय की!" मी म्हणलो.

आता हे 'व्हय' हाय का 'न्हाय' हाय, आईला लक्षात आलं न्हाय. कारण तवा ती दुसऱ्या गॅसच्या शेगडीला तिसरी शेगडी जादा म्हणून शोधत हुती. मी खरंतर किल्लीलाच निघालतो. पण वाटेत चहाच्या गाड्यावर पोरं भेटली, म्हणली, "सॅम्या, पाळकसाहेब करून दाखव की," आणि मी पाळकसाहेब केले, वडाप केली, दलाल केला... किल्ली राहिली.

रविवारी सकाळी रिक्षातनं पातेली घेऊन दानूकाकांच्या दारात.

"काका कुठायत?"

"ते चिकोडीला गेल्यात, भाच्याच्या बारशाला," काकू म्हणली. "किल्ली त्यांच्या खिशात. तू काल येणार हुतास न्हवं? वाट बघून बघून झोपले बघ बिचारे."

हॉलच्या दारात जाऊन बघितलं. कुलूप एवढं मोठं की आत हॉल हाय का तुरुंग असं वाटावं. मी डोळे मिटून मनापासनं प्रार्थना केली. "प्रभू, उघड!" डोळे उघडले. कुलूप तसंच. (देवाला जमत न्हाय असं न्हाय. पण हे काम नक्की कुणाला सांगितलतं ते त्यानं बघितलं असणार.)

रिक्षावाला बोंबलतोय, "उतरवा लवकर!" एक कुत्रं पातेल्याकडं बघून मान डोलवतंय. आणि तेवढ्यात मला दिसलं! चर्चच्या बाजूच्या दारात, सावलीत, एक रिकामं टेबल. वर पांढरंशुभ्र कापड. मी म्हणलो, बघा! आई तीन दिवस धावपळ करती, आणि देव एका मिनिटात टेबल मांडून देतो! दोन्ही पातेली टेबलावर ठेवली आणि छाती फुगवून आत गायकांच्या बाकावर जाऊन बसलो.

कापणीच्या सणाला चर्चच्या दारात पांढऱ्या कापडाचं टेबल कशासाठी असतंय, हे आमच्या रविवारच्या शाळेतलं पाळण्यातनं नुकतंच उठलेलं पोरगंबी सांगंल. मला तेवढी घडी ते सुचलं न्हाय.

पहिलं गीत सुरू झालं. मी मान वर केली, आणि सूरच चुकला. वेदीपुढं, उसाच्या कमानीखाली, भोपळ्यांच्या मधोमध आमची दोन पातेली! दोन्हींना झेंडूच्या माळा! भगिनी मंडळाच्या रूथमावशीनं पातेल्यांवरचं अण्णांचं नाव वाचून ती दारातनं उचलून एकदम मानाच्या जागी नेऊन ठेवलेली.

आक्का माझ्या शेजारीच गात हुती. तिनं गाणं थांबवलं न्हाय. त्याच चालीत, त्याच सुरात, वहीतनं डोळे न काढता तिनं विचारलं, "सॅम्याऽऽ, ते पातेलंऽऽ आपलं हाय का रेऽऽ?"

मीबी चालीतच म्हणलो, "आपलंच हाय गं आक्काऽऽ, दोन्हीबी आपलीऽऽ!"

"उपासना सुटू देऽऽ, मारते तुलाऽऽ!"

मागच्या बाकावरच्या आजोबांना आमचं दोन आवाजातलं गाणं लई आवडलं. पुढच्या कडव्याला ते आमच्यात मिसळले.

बायकांच्या बाजूला बघितलं. आईनंबी पातेली ओळखलेली. तिची नजर तिथनं निघाली ती थेट माझ्यावर येऊन थांबली. मी हातानं कुलूप, खांद्यानं दानूकाका आणि भुवयांनी चिकोडी करून दाखवलं. तिला फक्त भुवया दिसल्या. आणि तिच्या शेजारी कोण? मास्तरीणबाई! आणि पलीकडं पुरुषांच्या बाजूला खुद्द मास्तर!

अजून एक आशा हुती. प्रार्थना व्हायच्या आत कुणीतरी पातेली हळूच उचलायची. एकदा देवाला वाहिलं की मग ते आपलं न्हाय! मी आमच्या अण्णांना खूण केली. अण्णा म्हंजे माझे वडील, पंच मंडळीत पहिल्या बाकावर. त्यांनी मला परत हात केला आणि प्रेमानं हसले. तेवढ्यात पाळकसाहेब उभे राहिले, घसा खाकरला, "प्रिय बंधुभगिनींनो!"

झालं!

"यंदा एका कुटुंबानं," ते अण्णांकडं बघून म्हणाले, "आपल्या लेकीच्या आनंदाच्या दिवशी, पाव्हणे दारात असताना, आधी देवाची आठवण ठेवली. दोन पातेली भरून अन्न आणलं! याला म्हणतात विश्वास!"

सगळी मंडळी वळून आमच्याकडं बघाया लागली. मास्तरांनी चष्मा नीट करून मान डोलवली. आई हसली. ते हसू मी ओळखतो, त्याच्या मागनं लाटणं येतं. आता सांगायचं कुणी, की हा विश्वास न्हाय, हा घोटाळा हाय म्हणून? पाळकसाहेबांनी हात वर केले, सगळं देवाला वाहून टाकलं, आणि मंडळी म्हणली 'आमेन'. आक्काचं जेवण अधिकृतरीत्या स्वर्गाच्या मालकीचं झालं!

बाहेर अंगणात आईनं माझा दंड धरला.

"किल्ली?"

"चिकोडीत."

"आणि आता पाव्हण्यांना काय घालू? तुझी आभाळातली पाखरं का?"

"आई, ऐक. लिलाव मीच पुकारणार हाय न्हवं? अण्णांनी पयली बोली लावायची, मी एका दमात 'एक वार, दोन वार, तीन वार' करून टाकतो. पातेली परत आपली! देव काढतो बघ वाट."

"देवाचं नाव घेऊ नगंस," आई म्हणली, "तो तुझ्यापायी आधीच लाजलेला असंल."

लिलाव सुरू झाला. ऊस गेला, भोपळे गेले, एक कोंबडी बोली चालू असतानाच स्वतःच गेली. (ती भिंतीवरनं उडाली.) मग रूथमावशीनं माळांसकट पातेली पुढं आणली. मी दलालाचा आवाज काढला, "या मालक, या! झाकली मूठ! बोला!"

अण्णांनी हात वर केला. मी विजेगत सुरू केलं, "एकवारदोनवारती..."

"थांब की रं!" रूथमावशी मधेच. "अण्णा, तुम्हीच देवाला दिलं आणि तुम्हीच घेताय व्हय? आपण वाहिलेलं आपण घेत न्हाईत!"

मंडळी हसली. अण्णांचा हात हळूहळू खाली आला आणि डोकं खाजवाया लागला, जसा काय तो त्याच कामाला वर गेलता.

पाठीमागनं शंकरण्णांचा आवाज आला, "एन ऐतिरी इदराग?" म्हंजे आत काय हाय? आणि शंकरण्णा म्हंजे आमच्या मंडळीतला एक नंबरचा खाणारा! त्यांच्या हातात पातेलं गेलं तर आक्काला जन्मभर माहेरीच बसायला लागंल. मला वाटलं, माल खराब सांगितला की कुणी हात लावणार न्हाय. म्हणून मी तोंड वाकडं केलं, आणि दलाल म्हातारी म्हैस विकताना करतो तसला पडका आवाज काढून म्हणलो, "काय न्हाय हो शंकरण्णा, साधंच मटण. तेबी जरा... करपलंय."

 मग कोगनोळीच्या नाक्यावरचे ट्रक थांबावेत असा आवाज आला.

"काय करपलंय रं?"

आई! पाव्हण्यांचं भान न्हाय, सणाचं भान न्हाय, पदर खोचून सरळ पुढं! "पंचवीस वर्षांच्या संसारात माझं कालवण करपलं न्हाय, आणि हा मला पाव्हण्यांपुढं करपलं म्हणतोय? बघा! सगळ्यांनी बघा!" असं म्हणून तिनं गाठ सोडली, गाठीवरची गाठ सोडली, फडकं काढलं आणि झाकण उचललं.

आता काय सांगू तुम्हाला! तो वास झेंडूला दाबून, उसाला दाबून अंगणभर गेला. गेटाबाहेर चाललेला एक सायकलवाला उतरला. ज्यांनी शेंगा घेतलत्या ते शेंगा खाली ठेवून पुढं आले. आणि बोली पेटली! शंकरण्णा एक बोलले की रूथमावशीचे मालक दोन बोलत्यात. मी पुकारतोय आणि आक्का पाठीमागनं माझ्या पाठीला चिमटे काढतीया, म्हणून मधे मधे 'दोन वार'च्या जागी 'आई गं' येतंय.

तेवढ्यात गर्दीतनं एक हात वर झाला. सरळ, ताठ, शाळेत हजेरी देतात तसा.

मास्तर!

"दोन्ही पातेली मिळून," ते म्हणाले, आणि अशी बोली लावली की शंकरण्णांनी हात खिशात घातला तो परत काढलाच न्हाय. मी दम न घेता ओरडलो, "एक वार दोन वार तीन वाऽऽर!" आणि लाकडी हातोडा एवढ्या जोरात मारला की तो तुटला.

पाव्हण्यांनी पाव्हणचाराचं जेवण स्वतः बोली लावून घेतलं. असं निपाणीत काय, नंदगडापासनं इथपर्यंत कुठंच झालं नसंल.

"असं आहे," मास्तर माझ्या आईला म्हणाले, "देवाच्या सणात आमचाही हातभार. शिवाय तुमच्या हॉलवरच्या जेवणात ही थोडी भर!"

आई, अण्णा, आक्का आणि मी, चौघंबी चर्चच्या कळसाकडं बघाया लागलो. हॉलवरचं जेवण! हॉलला कुलूप हाय आणि जेवण तुमच्या हातात हाय, हे या माणसाला कुणी सांगायचं?

सांगितलं आक्कानं. सरळ पुढं गेली आणि म्हणली, "बाबा, हॉलवर जेवण न्हाय. हेच जेवण तुमच्यासाठी केलेलं. आईनं शुक्रवारपासनं राबून केलं. किल्ली आणायचं काम माझ्या भावाकडं हुतं, त्यानं ते देवावर सोपवलं, आणि पातेली चुकून वेदीपुढं गेली. पाळकसाहेब म्हणाले तसला विश्वास-बिश्वास काय न्हाय. आता तुम्ही काय ठरवायचं ते ठरवा. पण खोटं जेवण जेवून हो म्हणू नका."

 अमोलभावजी येऊन तिच्या शेजारी उभे राहिले. मी पयल्यांदाच कुणाचाबी आवाज न काढता उभा हुतो.  माझी आक्का हो ती.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आक्काकडं बघितलं. मग पातेल्याकडं. मग माझ्याकडं, बराच वेळ. आणि एकदम हसाया लागले! शिस्तीचा माणूस हसाया लागला की त्याला थांबायचं कसं ते माहीत नसतंय. मास्तरीणबाई पाठीवर थोपटत बसल्या.

"सूनबाई," ते धाप लागत म्हणाले, "मी टापटीप बघायला आलतो. ती गाठीवरच्या गाठीत दिसली. देवावरचा भरवसा या पोराकडे भरपूर आहे. फक्त दोन्ही एका माणसात असतं तर बरं झालं असतं. पण खरं बोलणारी एकच बास आहे."

सूनबाई म्हणले! आक्कानं आधी भावजींकडं बघितलं आणि मग तोंड पदरात लपवलं.

"आता जेवण माझं आहे," मास्तर मंडळीकडं वळून म्हणाले, "तेव्हा आज सगळे माझे पाव्हणे. वाढा!"

चिंचेच्या झाडाखाली सतरंज्या पडल्या. कुणी लिलावातली केळी सोडली, कुणी केक कापला, रूथमावशीनं घरनं भाकरी मागवल्या. आणि आमची आई, जिनं जन्मात कधी पयल्या पंगतीला बसून खाल्लं न्हाय, ती पाव्हणी म्हणून बसली, आणि होणारी विहीण तिला तिचंच मटण वाढून विचारतीया, "बघा हो, मीठ बरोबर पडलंय का?"

आईनं एक घास खाल्ला. "बरोबर हाय," ती म्हणली, आणि माझ्याकडं बघून, "करपलेलंबी न्हाय."

सगळ्यांना पुरलं. मी शंकरण्णांना म्हणलो, "बघा, देवानं कसं पुरवलं!" तर आईनं भाताचा डाव असा उगारला की मी देवाला तिथंच सोडून केळी वाटायला पळालो.

मला वाटलं, होकार आला, आई खूश हाय, आपण सुटलो.  संध्याकाळी घरची प्रार्थना. आमच्याकडं रोज दिवेलागणीला सगळ्यांनी चटईवर बसायचं, डोळे मिटायचे आणि एकानं प्रार्थना करायची. ती चालू असताना मधे बोलायचं न्हाय, उठायचं न्हाय, हा अण्णांचा नियम.

"आज मी करती," आई म्हणली.

"हे दयाळू बापा," तिनं सुरू केलं, "सुवार्ताचं जमलं, तुझे उपकार. पाव्हणे चांगले मिळाले, तुझे उपकार. आणि प्रभू, या घरात तू एक पोरगंबी दिलंयस. का दिलंयस, ते तुलाच ठावं."

मी एक डोळा उघडला. आईचे दोन्ही डोळे घट्ट मिटलेले.

"त्याला तू हात दिलेस, पाय दिलेस. दोन्ही चालत्यात, मी बघितलंय, चहाच्या गाड्यापर्यंत तर लई झ्याक चालत्यात. पण किल्ली आणायची म्हणली की तो ते तुझ्यावर टाकतो. बापा, तुला काय दुसरी कामं न्हाईत व्हय?"

"आई, पण दानूकाका..."

"शूऽऽ!" अण्णा म्हणाले. "प्रार्थना चालू हाय."

"मधे मधे बोलतो, प्रभू, त्याची ती खोडबी बघ. त्याला अक्कल दे. एकदम जमत नसंल तर हप्त्याहप्त्यानं दे. त्यानं आळस केला, त्याची तू क्षमा कर. बहिणीचा जीव टांगणीला लावला, त्याची क्षमा कर. माझ्या मटणाला चारचौघात करपलं म्हणला, त्याचीबी क्षमा तूच कर. मला अजून जमंना झालंय."

शेजारी आक्काचे खांदे हलत हुते. अण्णांच्या तोंडातनं कसलातरी आवाज आला, तो त्यांनी खोकला म्हणून खपवला. आणि आई थांबायचं नाव घेईना! माझी दहावी निघाली, गाडीचं पंक्चर निघालं, लहानपणी बाप्तिस्म्याच्या पाण्यात सोडलेली कागदाची होडीसुद्धा निघाली. जगातल्या कुठल्याबी आईनं शिव्या दिल्या तर पोराला उलट बोलता येतं, न्हाय तर दार आपटून बाहेर तरी जाता येतं. इथं मी हात जोडून, डोळे मिटून, मान खाली घालून भक्तिभावानं बसलेला!

"हे सगळं," शेवटी आई म्हणली, "येशूच्या नावानं मागती."

"आमेन!" अण्णा म्हणाले.

"आऽऽमेन!" आक्का म्हणली, दिवसभरातला सगळ्यात मोठा आवाज.

मग सगळे गप्प. एकाचं राहिलतं, त्याची वाट बघत. आमच्यात प्रार्थनेला 'आमेन' म्हणजे 'तसंच असो, मला मान्य हाय'. न म्हणावं तर देवाचा अपमान, आणि म्हणावं तर... शेवटी म्हणलो.

थेट वर गेलेल्या माझ्याविरुद्धच्या एवढ्या मोठ्या तक्रारीला, खाली शेवटचं अनुमोदन माझंच!